बहात्तर नंबरचे पाय

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि आज सकाळी नऊ वाजता मला एका परक्या पोराच्या पायांवरून भांडायचं आहे. पोरगा अमेरिकेतला, ज्याच्याशी भांडायचं तो माणूसही अमेरिकेतला, आणि मी बसले आहे सिंगापूरला, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, पंख्याखालचं टेबल धरून, समोर कोपी-सीचा, इथल्या दुधाच्या कॉफीचा कप. शेजारच्या टेबलावर तीन म्हातारे चिनी पेपर वाटून घेऊन वाचतायत. ऑफिस इथून पाच मिनिटांवर. आज मुद्दाम दीड तास आधी निघाले. घरी थांबले असते तर रिपोर्ट दहा वेळा उघडला असता आणि दहाव्या वेळी घाबरून त्यातला आकडा बदलला असता. तो बदलायचा नाही, एवढं ठरवून आले आहे. वही उघडली ती मुद्दे काढायला, आणि पहिला शब्द लिहिला गेला तो 'अण्णा'. आता लिहिलाच आहे तर पुढेही लिहिते.

तुम्हाला माझं काम सांगायचं तर सोपं आहे. मी माणसं बघते. तुम्ही जे करायचात तेच, फक्त तुम्ही मैदानाच्या कडेला उन्हात बसायचात आणि मी एसीत बसते. अमेरिकेत एक फुटबॉल खेळतात, तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात पाय चेंडूला क्वचितच लागतो. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. तो हातात घेऊन पळायचं नाहीतर पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी त्या माणसाला आडवं करायचं. तिथल्या कॉलेजांतली पोरं हा खेळ गच्च भरलेल्या मैदानांत खेळतात, आणि दर एप्रिलमध्ये बत्तीस व्यावसायिक संघ पाळीपाळीने त्यातली पोरं निवडून घेतात. सात फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत ज्याचं नाव निघालं त्याचं आयुष्य मार्गी लागलं. सातव्या फेरीपर्यंत ज्याचं निघालंच नाही त्याच्याकडे मग फारसं कुणी वळून बघत नाही. कुठल्या पोराला कुठल्या फेरीत घेणं शहाणपणाचं, हे त्या संघांना सांगणारे जाणकार असतात. त्यांतल्या एकाला, एका म्हाताऱ्या माजी कोचला, आमची छोटी कंपनी सामन्यांच्या फिल्मचे तुकडे कापून, बघून, टिपणं लिहून देते. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या बाजूची पोरं माझ्याकडे, त्यांना अडवणारी बाजू दुसऱ्या एकाकडे.

हसू नका. पुण्याहून इंजिनीअर होऊन निघालेली बाई हे करत असेल असं मलाही वाटलं नव्हतं. मी इथे सॉफ्टवेअर लिहायला आले होते. कंपनीने बॅडमिंटनसाठी बनवलेली एक प्रणाली त्या अमेरिकन माणसाला आवडली, मग कुणीतरी बसून ती त्याच्या खेळावर चालते की नाही हे तपासायला हवं होतं, आणि बाकीच्यांना कंटाळा यायचा. मला आला नाही. महिनाभरात मी तपासणीच्या रकान्याखाली आपली मतं लिहायला लागले. कुणी विचारलेली नव्हती. त्याने वाचली आणि म्हणाला, ही कोण बाई आहे तिला लिहू द्या. तेव्हापासून लिहिते आहे. आगाऊपणा करून मिळवलेली नोकरी, असं तुम्ही म्हणाला असतात.

यंदा मात्र वारं फिरलं आहे. त्या माणसाला आता वाटायला लागलंय की माणसांनी लिहिलेली टिपणं हवीत कशाला, नुसते आकडे पुरेत. माझं काँट्रॅक्ट जूनमध्ये संपतं. आणि आम्ही घरातले तिघंही माझ्या पासवर, म्हणजे इथे राहून काम करायच्या परवान्यावर आहोत, कारण जावईबापूंची कंपनी गेल्या वर्षी बंद पडली आणि ते अजून शोधतायत. माझी नोकरी गेली तर टॅम्पिनीसचा फ्लॅट, लेकीची शाळा, सगळं गुंडाळून निघायचं. माझी बॉस इथलीच, चिनी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि दहापट हुशार. तिने मला सोमवारी बाजूला घेऊन इथल्या इंग्रजीत नीट सांगितलं, "यू वाँट टू फाइट, फाइट फॉर द फर्स्ट-राउंड बॉय लाह. एव्हरीबडी अग्री, वुई ऑल्सो अग्री, फिनिश. व्हाय फाइट फॉर धिस वन?" तिचं चुकत नाही. सगळे जे म्हणतात तेच आपण म्हटलं की आपण चुकलो तरी सगळ्यांबरोबर चुकतो.

पण हा एक आहे ना, अण्णा, याच्यावरून मी हटणार नाही. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या पाठीवरचा आकडा बहात्तर, म्हणून मी त्याला बहात्तरच म्हणते. एका लहानशा कॉलेजचा पोरगा. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड पोरं भिंतीसारखी उभी असतात, त्यांतला हा सगळ्यात डावीकडचा. फेकणारा उजव्या हाताचा असला की फेकताना त्याची पाठ डावीकडे होते, आणि तिकडून कोण चाल करून येतंय ते त्याला दिसत नाही. ते बघायचं काम याचं. अख्ख्या सामन्यात चेंडू याच्या हातात येत नाही. याने काम चोख केलं तर याचं नावही कुणी घेत नाही, आणि चुकला तर फेकणारा पाठीवर मार खाऊन पडतो आणि सगळं स्टेडियम याच्या नावाने ओरडतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा चेंडू झेलणाऱ्यांत होता, वजन वाढवून याला भिंतीत आणून उभा केला. अमेरिकेतले सगळे याला सातव्या फेरीत टाकतात, काही जण तर टाकतच नाहीत. हात थोडे आखूड, समोरच्याला धरायला उशीर करतो, अमुक सामन्यात अमुक वेळा हरला. सगळं खरं आहे. मी त्याला तिसऱ्या फेरीत ठेवलाय.

का, ते तुम्हाला एका वाक्यात कळेल. मी त्याचे पाय बघते.

आपल्या शाळेच्या मैदानावर खो-खोचा सराव सुरू असायचा आणि तुम्ही खांबामागे उकिडवे बसलेले असायचात, हनुवटी जवळजवळ गुडघ्याला टेकलेली, शिट्टी तोंडात पण वाजत नसलेली. बाकीचे शिक्षक उभे राहून बघायचे. मी विचारलं होतं, सर, तुम्ही असे खाली का बसता. मैदानावर तुम्हाला 'सर' म्हणायचं आणि घराचा उंबरठा ओलांडला की 'अण्णा', हा नियम तुम्हीच घातला होता, आणि एकदा मैदानात चुकून 'अण्णा' म्हणाले तर मला दोन फेऱ्या पळायला लावल्या होत्या. तर तुम्ही म्हणालात, "पळणारीकडे सगळं गाव बघतंय. तू बसलेल्यांचे पाय बघ." आठ जणी ओळीने बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. "जिच्या टाचा टेकल्यात ती खो मिळाल्यावर उठेल. जिच्या उचललेल्या आहेत ती आधीच उठलेली आहे." मी तुमच्या शेजारी बसून टाचा मोजायचे. अकरा वर्षांची होते. मला तेव्हा वाटायचं की जगात इतकं मोठं गुपित फक्त आपल्या दोघांना माहीत आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही बघायचात, ती मात्र मला सांगितली नव्हतीत. मी आपली हेरून ठेवली होती. पोरगी बाद झाली की बाकीचे तिला विसरायचे. तुमची नजर तिच्या मागेमागे जायची. ती कुठे जाऊन बसते, पाणी पिते की रडते, की उभी राहून खेळ बघते. तुमच्या संघात नेहमी त्या पोरी असायच्या ज्या बाद झाल्यावर खांबाजवळ उभ्या राहायच्या आणि आपल्याला जिने बाद केलं तिच्याकडे टक लावून बघायच्या. बहात्तर असाच आहे. ऑक्टोबरमधल्या एका सामन्यात एकाने त्याला पार मूर्ख बनवलं. बाहेरून येतोय असं दाखवलं, याचं सगळं वजन बाहेरच्या पायावर गेलं, आणि तो गर्रकन आत वळून मोकळा निघून गेला. पुढच्या तुकड्यात कॅमेरा दुसरीकडे आहे, पण कोपऱ्यात हा दिसतो. डोक्यावरचं शिरस्त्राण काढलेलं, आणि दोन पावलं टाकून बघतोय, डावं, उजवं, परत डावं. एकटाच. तीन आठवड्यांनी दुसऱ्या संघातल्या एकाने त्याच्यावर तोच डाव टाकला. हा खाली बसला, वजन दोन्ही पायांच्या मधोमध ठेवलं आणि वाट बघितली. तो गर्रकन वळला तो थेट याच्या छातीवर. मी तो तुकडा किती वेळा बघितला असेल ते सांगत नाही, तुम्ही मला वेड्यात काढाल.

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं. टाळत होते.

जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवडचाचणी आपल्याच मैदानावर होती. मला तेरावं लागलं होतं. निवड करणारे तिघं, त्यांत तुम्ही. मी चांगली खेळले होते, निदान मला तसं वाटलं होतं. यादी ठरत होती आणि आम्ही पोरी टेबलापासून चार हातांवर फतकल मारून बसलो होतो. ते दोघं म्हणत होते, सरांच्या मुलीचं नाव घालून टाका, पळते चांगली. आणि तुम्ही मान वरही न करता म्हणालात, "नको. ही कच्ची आहे." बस. एवढंच. पुढचं नाव घेतलंत.

तुम्हाला ठाऊक नसेल की पोरींनी त्याचं काय केलं. 'कच्ची' ऐकल्यावर एकीने हळूच 'कच्चा लिंबू' म्हटलं आणि सगळ्या खुसखुसल्या. खेळात घेतलेलं असतं पण धरलेलं नसतं असं शेंबडं पोर म्हणजे कच्चा लिंबू. पुढचं वर्षभर शाळेत माझं नाव लिंबू होतं. मी एकटी चालत घरी आले. आई ओट्याशी थालीपिठं लावत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझं ताट वाढलं. थोड्या वेळाने तुम्ही आलात, मोरीत पाय धुतलेत, पाटावर बसलात, आणि नेहमीच्या आवाजात म्हणालात, "लोणी आहे का?" मला इतका संताप आला होता, अण्णा. माझं सगळं आयुष्य तुम्ही चार शब्दांत उडवून लावलंत आणि तुम्हाला लोणी हवं होतं. मी ताटावरून उठले. तुम्ही म्हणालात, "अन्नावर राग काढायचा नाही, बस खाली." मी बसले, थालीपीठ संपवलं आणि मनात ठरवून टाकलं की पुन्हा तुमच्या मैदानावर पाय ठेवायचा नाही.

नाही ठेवला. तो हट्ट तुमचाच, दुसरं कुणाकडून येणार. आठवड्याभराने तुम्ही एक खोका आणून माझ्या दप्तराशेजारी ठेवलात. पांढरे कॅनव्हासचे बूट. मी पायात घातले तर एक बोट आत जात होतं. "मोठे होतायत," मी म्हणाले. "होऊ देत," तुम्ही म्हणालात आणि पेपर उघडलात. मला वाटलं, बघा, यांना आपल्या मुलीच्या पायाचं माप माहीत नाही आणि गावभर पोरींचे पाय बघत फिरतात. पुढे तुम्ही एकदा विचारलंत, बूट कुठे गेले, तर मी शाळेत हरवले म्हणून सांगितलं.

मग आकडेच आकडे. गणितात मी पक्की होते, तिथे कच्ची म्हणायची कुणाची टाप नव्हती. इंजिनीअरिंग, पहिली नोकरी, आणि त्याच वर्षी तुम्ही असे तडकाफडकी गेलात की भांडण मिटवायची वेळच आली नाही. तसं आपलं भांडण कुठे होतं म्हणा. आपण बोलायचो, हसायचो, तुम्ही मला स्टेशनवर सोडायला यायचात. फक्त खो-खोचा विषय निघाला की मी उठून आत जायचे. तुम्ही काय समजायचं ते समजलाच असाल.

इथे कामाला लागल्याच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगते. त्या अमेरिकन माणसाच्या टिपणांत एक शब्द वारंवार यायचा, 'रॉ'. हा पोरगा रॉ आहे, तो पोरगा फार रॉ आहे. मी मनातल्या मनात त्याचं मराठी केलं, कच्चा, आणि ज्याच्या नावापुढे तो शब्द दिसेल त्याला बिनदिक्कत खाली ढकललं. कच्चा म्हणजे कच्चा, माझ्यावरच तर प्रयोग झालेला होता. हंगाम संपताना त्याने फोनवर विचारलं, तुमच्या या बाईचं कच्च्या पोरांशी काय वैर आहे? मग त्याने समजावलं. त्यांच्या धंद्यात रॉ म्हणजे दुबळा नव्हे. माल उत्तम आहे, पण अजून कुणी हात फिरवलेला नाही. अशा पोरालाच शोधत फिरायचं असतं, कारण तयार झालेले सगळ्यांनाच दिसतात. ऑफिसात चार दिवस माझी टिंगल चालली. मी वहीत 'रॉ' लिहून पुढे नवा अर्थ लिहिला आणि कामाला लागले. खरं सांगते, तेव्हा तुमची आठवण सुद्धा आली नाही. माणूस किती बथ्थड असू शकतो बघा.

आठवण आली ती गेल्या रविवारी. दुपारी जेवणाच्या टेबलावर बहात्तरचे कागद पसरले होते. तुमची नात समोर नूडल्स खात होती. तिला आता तेरावं लागलंय. घरात मी मराठी बोलते, ती समजते सगळं, उत्तर मात्र तिच्या भाषेत देते. तिने कागदावरचा फोटो बघून विचारलं, "धिस वन गुड ऑर नॉट?" मी कागदातून मान वर न करता म्हणाले, "कच्चा आहे अजून." तिने नूडल्स गिळले. "'अजून' मीन्स 'यट', राइट? सो नॉट यट, लाह. नॉट 'नो'."

मी मान वर केली. मला माझ्या तोंडून तुमचा आवाज ऐकू आला होता, अण्णा. तोच कोरडा, हिशोबी नसलेला, कुणाला दुखवायचा विचारही नसलेला आवाज. मी त्या पोराचा अपमान केला नव्हता. उलट मी त्याच्यासाठी नोकरी पणाला लावून बसले होते, आणि तरी माझ्या तोंडून तोच शब्द निघाला, कारण त्या कामाला तोच शब्द आहे.

तुम्ही त्या दिवशी 'अजून' म्हणाला होतात का? तेव्हापासून आठवायचा प्रयत्न करते आहे. पोरी खुसखुसत होत्या, माझे कान लाल झाले होते. म्हणालाही असाल. नसालही. खोटं कशाला सांगू, मला आठवत नाही. पण मी आता पुराव्यावर मत द्यायला शिकले आहे, म्हणून त्या दिवशीच्या पोरीचीही, म्हणजे माझीच, फिल्म मनात पुन्हा बघितली. चाचणीत बाद झाल्यावर ती खांबाजवळ उभी राहिली नव्हती. तिने सगळ्यात आधी तुमच्याकडे बघितलं होतं, तुम्ही बघितलंत की नाही ते बघायला. ते तुम्ही बघितलं असणार. ती कच्ची होती. तिला त्या वर्षी घेतली असती तर ती सरांची मुलगी म्हणून गेली असती आणि सरांची मुलगी म्हणूनच परत आली असती. आणि मग ते बूट. उभ्या तालुक्यातल्या पोरींची टाच किती उचलली आहे ते वीस हातांवरून सांगणारा माणूस स्वतःच्या मुलीच्या पायाचं माप चुकेल? एक बोट मोठे घेतलेत ते पुढच्या वर्षासाठी. तुम्ही मला यादीतून काढलंत आणि त्याच आठवड्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवलीत. मला त्यातली पहिली गोष्ट तेवढी दिसली, आणि मी इतकी वर्षं मनात अढी धरून बसले.

पण तुम्हीही बोलायचं होतंत. हे मी माफ केलेलं नाही. एक वाक्य जास्त बोलला असतात तर काही बिघडलं नसतं. बहात्तरच्या रिपोर्टमध्ये मी 'रॉ' लिहिलंय आणि त्याच्याखाली पान भरून लिहिलंय की म्हणजे काय, कशावरून, आणि याला कुणी काय शिकवलं तर हा किती दिवसांत तयार होईल. म्हणजे कुणी चुकीचं ऐकायला नको.

नऊला दहा कमी आहेत. उठते.

*

परत आले. त्याच टेबलावर. म्हातारे गेलेत, आता जेवणाची गर्दी सुरू होईल.

पडद्यावर तो होता, मागे त्याच्या घरातलं कपाट. तिकडे त्याचं जेवण नुकतंच झालं असावं, दात कोरत होता. बॉस माझ्या शेजारी. पहिल्या वीस पोरांवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. बहात्तर आला तसा तो पुढे झुकला. म्हणाला, तिसरी फेरी? सगळ्या अमेरिकेत हा कुणाच्याही यादीत सातव्याच्या वर नाही. मी म्हणाले, दोन तुकडे दाखवते, चेंडूकडे बघू नका, याच्या पायांकडे बघा. ऑक्टोबरचा दाखवला. मग तीन आठवड्यांनंतरचा. तो म्हणाला, पुन्हा दाखव. पुन्हा दाखवला. मी तिसरा तुकडा लावला, तो कोपऱ्यातला, जिथे हा एकटाच पावलं टाकून बघतो. त्याने काडी खाली ठेवली. "हा तुकडा कुणी कापून ठेवतं का?" त्याने विचारलं. मी म्हणाले, मी ठेवते.

वाटलं, वळला. नाही वळला. म्हणाला, माझी यादी मी बदलणार नाही, चाळीस वर्षं हे केलंय आणि आखूड हातांनी मला फार रडवलंय. पण तुझं पान मी आहे तसं संघाला पाठवतो, वेगळं, तुझ्या नावाने. एप्रिलमध्ये तो चालला तर नाव तुझं. नाही चालला तरी नाव तुझं, आणि मग पुढच्या वर्षी टिपणं घ्यायची की नाहीत यावर मला फार विचार करावा लागणार नाही. चालेल? बॉसने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला. मला त्या क्षणी टॅम्पिनीसचा फ्लॅट दिसला, लेकीचा युनिफॉर्म दिसला, हे लॅपटॉपसमोर अर्ज भरत बसलेले दिसले. भीती वाटली नाही असं नाही. मी म्हणाले, पाठवा.

मग त्याने पूर्ण नाव विचारलं, पासवर आहे तसं. माझं, तुमचं, आडनाव. लग्नानंतर मी नाव बदललं नव्हतं, आणि ते काही तुमच्यावरच्या प्रेमाने नव्हे, पासपोर्टच्या खेपा घालायचा कंटाळा म्हणून. त्याने एकेक अक्षर लिहून घेतलं. मधल्या नावाशी त्याची जीभ अडखळली. "हा मधला कोण?" त्याने विचारलं. मी म्हणाले, माझे सर. त्यांनीच मला पाय बघायला शिकवलं. तो म्हणाला, मग यांचंही नाव पणाला लागलं की. मी म्हणाले, हो.

बाहेर आल्यावर बॉस म्हणाली, "आयो, यू आर व्हेरी स्टबर्न, यू नो?" आणि मग, दोन पावलं गेल्यावर, "बट द थर्ड क्लिप. वा, गुड." आता एप्रिलपर्यंत वाट बघायची. पोराला यातलं काहीच माहीत नाही, होणारही नाही. कदाचित त्याला कुणी घेणारही नाही, आणि जूनमध्ये मी खोकी भरत असेन. तरी पुन्हा विचारलं तर तिसरी फेरीच सांगेन.

वहीची पानं संपत आली. हे कागद फाडून कुठे पाठवायचे, म्हणून वहीतच ठेवते. पण एक राहिलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं. बूट शाळेत हरवले नव्हते. ते माझ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, स्वेटरच्या खाली होते. पुढच्या वर्षीची निवडचाचणी होती त्या सकाळी मी दार लावून ते बाहेर काढले आणि पायात घातले, नाड्या बांधल्या. अगदी बरोबर बसले, अण्णा. तुम्ही बाहेर व्हरांड्यात होतात, शिट्टी गळ्यात, चप्पल घालून, आणि उगाच रेंगाळत होतात. मी खिडकीतून तुम्हाला बघत होते. मग नाड्या सोडल्या, बूट परत ठेवले, आणि तुम्ही फाटकापर्यंत जाऊन मागे वळून बघितलंत तेव्हा मी खिडकीखाली वाकले.